आज्ञावलींची निवड आणि निगराणी : लिनक्सवर काम करणाऱ्या तरुणांसाठी



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या नावाने दोन शब्द बोलण्याची संधी दिल्याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. या व्यासपीठावर बहुधा साहित्य, इतिहास, समाजकारण असे विषय मांडले जातात. त्या मानाने माझा विषय रूक्ष वाटेल. तरीही तो मी जाणीवपूर्वक निवडला आहे. समोर बसलेल्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकजण नागपूर, पुणे, हैदराबाद येथे संगणकाच्या व्यवसायात आहेत आणि त्यांची धाकटी भावंडे याच शाळेच्या बाकांवर आहेत. थोरल्याचा जुना संगणक धाकट्याकडे येतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ या प्रणालीचा सर्वसाधारण आधार संपला आणि तिच्या पुढच्या आवृत्तीच्या अटींत न बसणारी, पण हातीपायी धड असलेली असंख्य यंत्रे एकाएकी ‘जुनी’ ठरली. अशा यंत्रावर कोणीतरी लिनक्स चढवून देतो. पहिल्या आठवड्यात मुलगा हरखून जातो. तिसऱ्या महिन्यात यंत्र कुरकुरू लागते, एक आज्ञावली घातली की दुसरी बंद पडते, आणि शेवटी ‘हे आपल्यासाठी नाही’ असे म्हणून तो बाजूला होतो.

या तिसऱ्या महिन्याबद्दल मला बोलायचे आहे. जो मुलगा तिथे हिरमुसतो, तो पुष्कळदा प्रोग्रॅमिंगपासूनच दूर जातो. गावात दुसरे यंत्र नसते, विचारायला शेजारी जाणकार नसतो. म्हणून हा प्रश्न मला केवळ तांत्रिक वाटत नाही.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. ज्याला आपण सैलपणे लिनक्स म्हणतो तो खरोखर प्रणालीचा गाभा. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने तो १९९१ साली जाहीर केला. नुसत्या गाभ्यावर कोणाचे काम भागत नाही. त्याभोवती हजारो आज्ञावली लागतात, त्या एकमेकींशी जुळवून, तपासून, एकत्र बांधून द्याव्या लागतात. हे काम करणाऱ्या संस्थांना व समूहांना आपण ‘वितरण’ म्हणू. डेबियन, फेडोरा, उबुंटू, मिंट, आर्च ही त्यांची नावे. आपल्याकडे सी-डॅकने तयार केलेले ‘बॉस’ हेही डेबियनवरच उभे आहे. प्रत्येक वितरणाचे आज्ञावलींचे एक भांडार असते. आज्ञावली ज्या गाठोड्यात बांधून येते त्याला ‘पॅकेज’ म्हणतात, आणि ते गाठोडे बांधणाऱ्या, त्याची निगा राखणाऱ्या माणसाला ‘मेंटेनर’. आपण त्याला सांभाळकर्ता म्हणू या.

आता माझे म्हणणे एका वाक्यात सांगतो. तुमच्या यंत्रावरील प्रत्येक आज्ञावलीला कोणीतरी सांभाळकर्ता असला पाहिजे आणि तो कोण, हे तुम्हाला ठाऊक असले पाहिजे. तिसऱ्या महिन्यातली बहुतेक रडगाणी या एकाच गोष्टीच्या विस्मरणातून निर्माण होतात, असे माझे मत आहे.

डेबियनचे उदाहरण घेऊ. इयन मर्डॉक या अमेरिकन विद्यार्थ्याने ऑगस्ट १९९३ मध्ये हा उपक्रम सुरू केला. डेबियन हे नावही त्याने आपल्या मैत्रिणीच्या, डेब्राच्या, व स्वतःच्या नावातून जुळवले. आज्ञावली यंत्रावर चढवताना तिला लागणाऱ्या इतर आज्ञावलीही आपोआप शोधून आणणारे ‘एपीटी’ हे साधन डेबियनच्या १९९९ सालच्या २.१ या आवृत्तीबरोबर रूढ झाले. त्यापूर्वी एका गाठोड्यासाठी दुसरे, दुसऱ्यासाठी तिसरे असा शोध ज्याने केला असेल, त्यालाच या सोयीचे मोल कळेल. ऑगस्ट २०२५ मध्ये निघालेल्या डेबियनच्या तेराव्या आवृत्तीत ६९,८३० पॅकेजेस होती. एका माणसाला आयुष्यभर पुरून उरतील इतकी साधने, आणि त्यांपैकी बहुतेकांची निगा जगभरची स्वयंसेवक माणसे राखतात.

या भांडारावर विश्वास कशाच्या बळावर ठेवायचा? बालाघाट हा धानाचा जिल्हा. येथील चिन्नोर तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे आपणा सर्वांस अभिमानास्पद आहे. धानाचे प्रमाणित बियाणे घेताना शेतकरी पिशवीवरचे निळे लेबल पाहतो. बियाणे कोणत्या दुकानातून आणले यापेक्षा ते लेबल कोणाच्या तपासणीनंतर लागले, याला तो महत्त्व देतो. वितरणाच्या भांडाराचे तसेच आहे. भांडाराच्या सूचीवर वितरणाची गणिती स्वाक्षरी असते आणि सूचीत प्रत्येक गाठोड्याचा ठसा नोंदलेला असतो. गाठोडे कानपूरच्या सर्व्हरवरून आले की जर्मनीतल्या, याने फरक पडत नाही. वाटेत कोणी त्यात एक अक्षर बदलले तरी ठसा जुळत नाही आणि एपीटी ते स्वीकारत नाही.

आपल्या मराठीचेच एक उदाहरण देतो. रेड हॅट या कंपनीने २००४ साली ‘लोहित’ हा भारतीय लिप्यांचा टंकसमूह खुला केला आणि त्यावरील पुढचे बरेचसे काम तिच्या पुण्याच्या कार्यालयात झाले. २०११ मध्ये तो अधिक मोकळ्या परवान्याखाली आला. हिंदी वळणाचा ‘ल’ व ‘श’ आणि मराठी वळणाचा ‘ल’ व ‘श’ यांतला फरक आपल्यासारख्या सीमेवरच्या माणसांना चटकन जाणवतो. त्या मराठी वळणासाठी स्वतंत्र टंक तयार झाला. पुण्यात कोणीतरी तो घडवला, परदेशात बसलेल्या एखाद्या सांभाळकर्त्याने तो बांधला, आणि वारासिवनीच्या विद्यार्थ्याने एक आज्ञा देताच तो त्याच्या यंत्रावर आला. या साखळीत प्रत्येक दुव्यावर कोणाचे तरी नाव आहे. टंकात दोष आढळला तर तो कळवायचा कोणाला, हे ठरलेले आहे.

हे झाले सुव्यवस्थित जगाचे वर्णन. प्रोग्रॅमर मात्र या कुंपणात फार काळ राहत नाही, आणि त्याने राहूही नये. त्याला भाषेची नवी आवृत्ती हवी असते, कालच निघालेले एखादे ग्रंथालय (लायब्ररी) हवे असते. डेबियनसारखी स्थिर वितरणे आपल्या आवृत्त्या गोठवून ठेवतात. सुरक्षिततेच्या दुरुस्त्या तेवढ्या जुन्याच आवृत्तीत आणून बसवतात. (जुना आवृत्तीक्रमांक पाहून ‘हे असुरक्षित आहे’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. क्रमांक जुना असला तरी आतली दुरुस्ती नवी असू शकते, हे त्यांनी ध्यानात घ्यावे.) मग तरुण इंटरनेटवर शोधतो. कोणीतरी दिलेली एक ओळ उचलतो आणि तिच्यापुढे ‘सुडो’ लिहितो, म्हणजे सर्वाधिकारांनिशी ती चालवतो. काम होते. पण यंत्रात जे शिरले ते नेमके कुठे बसले, त्याची निगा कोण राखणार, ते काढायचे कसे, याची नोंद कुठेच नसते. असे आठ-दहा वेळा झाले की तिसरा महिना आलाच.

कोणी परक्या भांडारांची नावे आपल्या यादीत वाढवत जातो. कोणी एका वितरणाचे गाठोडे दुसऱ्यात कोंबतो. आपल्याकडच्या ज्येष्ठांना गोंदिया-जबलपूरची जुनी अरुंद मापाची गाडी आठवत असेल. दोन फूट सहा इंच रुळांच्या त्या मार्गावर रुंद मापाचा डबा आणून ठेवला तर दोष डब्याचा नाही आणि रुळाचाही नाही. डेबियनची गाठोडी आणि फेडोराची गाठोडी यांचे तसेच आहे. एकाच कुळातली, उदाहरणार्थ उबुंटूसाठी बांधलेली गाठोडी डेबियनमध्ये घालणे वरवर पाहता शक्य असते, म्हणून ते अधिकच फसवे. डेबियनच्या मंडळींनी अशा जोडतोड केलेल्या यंत्राला ‘फ्रँकनडेबियन’ असे विनोदी नाव ठेवले आहे. यंत्राच्या मालकाला मात्र त्यात विनोद दिसत नाही.

मग उपाय काय? नव्या गोष्टींचा मोह सोडा, असे मी सांगणार नाही. घरात जसे देवघर वेगळे आणि कामाची पडवी वेगळी, तसे यंत्रात करावे. प्रणालीचा भाग वितरणाच्या स्वाधीन ठेवावा. गाभा, पडद्यावरची मांडणी, छपाई, ध्वनी, जाळे हे सारे त्याच्या भांडारातूनच यावे. आपल्या कामाची हत्यारे, म्हणजे भाषेच्या नव्या आवृत्त्या आणि ग्रंथालये, आपल्या घरच्या फोल्डरमध्ये, प्रकल्पापुरती ठेवावीत. तिथे कितीही मोडतोड झाली तरी फोल्डर पुसले की प्रश्न मिटतो. सर्वाधिकारांची गरज तेथे लागूच नये.

पायथॉन भाषेच्या बाबतीत हा धडा जगाला फार उशिरा मिळाला. प्रणालीची स्वतःची अनेक साधने पायथॉनमध्ये लिहिलेली असतात. विद्यार्थी ‘पिप’ या साधनाने, सर्वाधिकारांनिशी, एखादे ग्रंथालय प्रणालीच्याच पायथॉनमध्ये अद्ययावत करतो आणि दुसऱ्या दिवशी प्रणालीचे एखादे साधन उघडेनासे होते. अखेर पायथॉनच्या मंडळींनी ‘पेप ६६८’ हा नियम केला. जून २०२३ मध्ये निघालेल्या डेबियनच्या बाराव्या आवृत्तीपासून पिपने असा हस्तक्षेप करू पाहिला की ‘हे वातावरण बाहेरून सांभाळले जाते’ अशा अर्थाचा संदेश येतो आणि काम थांबते. त्या संदेशाला बगल देण्याची युक्ती अनेकजण आनंदाने एकमेकांना शिकवतात. माझी विनंती आहे की तो संदेश अडथळा मानू नका. ‘व्हेन्व्ह’ या साधनाने प्रत्येक प्रकल्पासाठी वेगळे वातावरण करायला अर्धा मिनिट लागतो. नोडसाठी ‘एनव्हीएम’, रस्टसाठी ‘रस्टअप’ ही त्याच जातीची, घरच्या फोल्डरात राहणारी साधने आहेत. आणि एखाद्या कामाला संपूर्ण वेगळे वितरणच हवे असेल तर पॉडमन किंवा डॉकरच्या बंदिस्त पेटीत ते चालवता येते. ‘डिस्ट्रोबॉक्स’ नावाचे साधन तर त्या पेटीतली आज्ञावली आपल्याच पडद्यावर आणून देते. खाली डेबियन स्थिर, वर पेटीत हवे ते नवे, ही मांडणी मला सर्वांत शहाणपणाची वाटते.

पण भाषांच्या या भांडारांना वितरणाचे लेबल नसते, हेही सांगितले पाहिजे. तेथे कोणीही आपली पिशवी आणून ठेवू शकतो. मार्च २०१६ मध्ये एका वादातून एका प्रोग्रॅमरने जावास्क्रिप्टच्या ‘एनपीएम’ या भांडारातून आपली सारी पॅकेजेस काढून घेतली. त्यांत ‘लेफ्ट-पॅड’ नावाचे, अवघ्या अकरा ओळींचे एक होते. अक्षरांच्या डाव्या बाजूस रिकाम्या जागा भरणे एवढेच त्याचे काम. त्यावर थेट वा आडून विसंबलेले हजारो प्रकल्प त्या दिवशी कोसळले. अकरा ओळी स्वतः लिहिण्याऐवजी आपण त्या कोणाच्या तरी ओसरीवरून रोज उचलून आणत होतो, हे जगाला तेव्हा उमगले. शिवाय प्रसिद्ध नावात एक अक्षर बदलून विषारी पॅकेज ठेवण्याचे प्रकार या भांडारांत वारंवार उघडकीस येतात. म्हणून नवे अवलंबन जोडण्यापूर्वी ते कोण सांभाळते, शेवटची दुरुस्ती केव्हा झाली, याशिवाय भागेल का, एवढे तरी पाहावे. आणि वापरलेल्या आवृत्त्या नोंदवणारी कुलपाची फाईल प्रकल्पाबरोबर जतन करावी.

याहून गंभीर प्रसंग २०२४ सालचा. ‘एक्सझेड’ हे माहिती दाबून लहान करणारे साधन जवळजवळ प्रत्येक लिनक्स यंत्रात असते. लासे कॉलिन हा एकटा माणूस ते वर्षानुवर्षे, फावल्या वेळात सांभाळत होता. ‘जिया टॅन’ असे नाव लावणारी एक व्यक्ती पुढे आली, दोनएक वर्षे इमानेइतबारे मदत करत राहिली. दुसरीकडे इतर काही नावांनी कॉलिनवर दबाव येत राहिला की काम मंद चालले आहे, जबाबदारी वाटून द्या. विश्वास संपादन झाल्यावर ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चाचणीसाठी ठेवलेल्या फाइलींच्या आड एक चोरदरवाजा बसवला गेला. दूरच्या यंत्रात शिरण्यासाठी आपण जी ‘एसएसएच’ सेवा वापरतो, तिच्यापर्यंत तो पोहोचत होता. आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस प्रणालीवर काम करणाऱ्या प्रोग्रॅमरला एसएसएचने प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद उशीर होत असल्याचे खटकले. तो त्या अर्ध्या सेकंदाच्या मागे लागला आणि २९ मार्च २०२४ रोजी त्याने सारा प्रकार जगापुढे मांडला.

या प्रसंगातून लोक निरनिराळे निष्कर्ष काढतात. मुक्तस्रोत आज्ञावली असुरक्षित असतात, असे काहीजण म्हणाले. मला ते पटत नाही. उगमसंहिता उघडी होती, म्हणूनच फ्रॉइंडला मुळापर्यंत जाता आले. मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. तो चोरदरवाजा डेबियनच्या चाचणीच्या व ‘अस्थिर’ शाखेत आणि फेडोराच्या आगामी आवृत्त्यांत पोहोचला होता, पण डेबियनच्या स्थिर आवृत्तीत नव्हता. सर्वांत नवे ते सर्वांत चांगले, या समजुतीला यात उत्तर आहे. दुसरी गोष्ट त्या एकट्या माणसाची. आपण ज्याच्या श्रमावर उभे आहोत त्याचे नावही आपल्याला ठाऊक नसते, आणि दबाव मात्र त्याच्यावर सर्वांचा. उपस्थितांपैकी जे मोठ्या कंपन्यांत आहेत, त्यांनी आपली कंपनी ज्या दहा आज्ञावलींवर चालते त्यांचे सांभाळकर्ते कोण आहेत, याची एकदा यादी करावी.

आता निवडीचा प्रश्न. ‘कोणते वितरण घ्यावे?’ हे मला सर्वाधिक विचारले जाते, आणि त्यावर तरुण मंडळी तासन्तास भांडू शकतात. फेडोराची आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते आणि सुमारे तेरा महिने सांभाळली जाते. उबुंटूची दीर्घ आधाराची आवृत्ती दर दोन वर्षांनी येते व तिला पाच वर्षांचा सर्वसाधारण आधार असतो. डेबियनची स्थिर आवृत्ती तीन वर्षे पूर्ण आणि पुढे दोन वर्षे मर्यादित स्वरूपात सांभाळली जाते. आर्चमध्ये आवृत्त्याच नसतात, प्रवाह अखंड वाहता असतो. ज्याच्याकडे एकच यंत्र आहे आणि त्यावरच अभ्यास, परीक्षेचा अर्ज व नोकरीची मुलाखत अवलंबून आहे, त्याने दीर्घ आधाराचेच वितरण घ्यावे. आर्च उत्तम शिकवते, पण ते दुसरे यंत्र असताना. संपादकाच्या निवडीत मी हस्तक्षेप करीत नाही. व्हिम, इमॅक्स, व्हीएस कोड, ज्याचा हात जिथे बसेल ते. एवढेच की व्हीएस कोडची उगमसंहिता खुली असली तरी मायक्रोसॉफ्ट जी तयार आज्ञावली देते तिचा परवाना वेगळा आहे, हे माहीत असू द्यावे. ज्यांना तो नको त्यांच्यासाठी ‘व्हीएसकोडियम’ आहे.

‘फ्लॅटपॅक’ आणि ‘स्नॅप’ या अलीकडच्या पद्धतींत आज्ञावली आपल्या साऱ्या अवलंबनांसह स्वतंत्र पेटीत येते. वितरण कोणतेही असो, ती चालते. चित्रसंपादन, संदेशवहन अशा पडद्यावरच्या मोठ्या आज्ञावलींना ही सोय चांगली. परंतु पेट्या जड असतात. ज्या घरात मोबाईलचा डेटा वाटून संगणकाला दिला जातो, तेथे शेकडो मेगाबाइटची एकेक पेटी परवडत नाही. आणि भांडारात आज्ञावली दिसली म्हणजे ती मूळ कर्त्यानेच ठेवली आहे, असेही नाही. ठेवणाऱ्याचे नाव वाचावे.

निवड करताना आज्ञावलीबरोबर तिच्या फाइलींचाही विचार करावा लागतो, आणि येथे आपल्या शाळांचा अनुभव बोलका आहे. हिंदीच्या कित्येक प्रश्नपत्रिका, कार्यालयांची पत्रे ‘कृतिदेव’ टंकात आणि मराठी मजकूर ‘श्रीलिपी’सारख्या संचांत लिहिला गेला. त्या टंकांची सांकेतिक व्यवस्था प्रत्येकाची निराळी. टंक नसलेल्या यंत्रावर तो मजकूर इंग्रजी अक्षरांचा निरर्थक गोंधळ म्हणून दिसतो. युनिकोडमध्ये, खुल्या स्वरूपाच्या फाइलीत लिहिलेले पान मात्र उद्या आज्ञावली बदलली तरी वाचता येते. शाळेच्या जुन्या स्मरणिका अजून जुन्या टंकांत असतील तर रूपांतराचे काम माजी विद्यार्थ्यांनी अंगावर घ्यावे, अशी सूचना मी या निमित्ताने करतो.

रोजच्या निगराणीबद्दल थोडे. यंत्रात आपण स्वतः काय काय घातले याची यादी एपीटी देऊ शकते, ती महिन्यातून एकदा वाचावी. जे का घातले हे आठवत नाही, ते काढावे. परके भांडार जोडलेच तर तारीख व कारण वहीत लिहावे. होय, कागदाच्या वहीत, कारण यंत्र बिघडल्यावर यंत्रातली नोंद उघडत नाही. ‘इ-टी-सी’ या फोल्डरात प्रणालीच्या साऱ्या मांडण्या असतात. ‘इटीसीकीपर’ हे साधन त्यांतला प्रत्येक बदल इतिहासासह जपून ठेवते. घरचे फोल्डर वेगळ्या विभागात ठेवल्यास प्रणाली पुन्हा नव्याने बसवताना अभ्यासाच्या फाइलींना धक्का लागत नाही. अर्थात त्यांची दुसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर असलीच पाहिजे, हे सांगण्याची गरज नसावी.

शाळेच्या संगणककक्षासाठी एक गोष्ट सुचवून थांबतो. वीस यंत्रे आणि एकच बेताची इंटरनेट जोडणी असेल, तर प्रत्येक अद्ययावतीकरण वीस वेळा उतरवून घेण्याचे कारण नाही. ‘एपीटी-कॅशर-एनजी’ ही छोटी आज्ञावली एका यंत्रावर बसवावी आणि उरलेल्या एकोणीस यंत्रांना तिचा पत्ता द्यावा. पहिल्या यंत्राने मागितलेले गाठोडे ती स्वतःकडे ठेवून घेते आणि इतरांना शाळेतल्या शाळेतच देते. स्वाक्षरी तपासण्याचे काम प्रत्येक यंत्र आपापले करीतच राहते, त्यामुळे विश्वासाला बाध येत नाही. या कामाला नवे यंत्र लागत नाही, मोठी डिस्क असलेले जुने चालते. मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमातील लिनक्सचे पाठ मराठीतूनही उपलब्ध आहेत. ते एकदा उतरवून त्याच यंत्रावर ठेवले तर जोडणी बंद असली तरी मुलांना पाहता येतील. अकरावीच्या दोन विद्यार्थ्यांवर या यंत्राची जबाबदारी सोपवावी आणि त्यांची नावे कक्षाच्या दारावर लावावीत.

 प्रश्नांसाठी वेळ राखून ठेवला आहे.